पंचशीलाच्या आडोशाला उभी लष्करशाही

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमार मोठ्या भूकंपाने हादरले. मंडाले आणि सगाईंग भागातील विहार कोसळले, पॅगोडे कोसळले, साडेतीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर अवघ्या सातव्या दिवशी, ४ एप्रिलला, त्या देशाचा लष्करशहा मिन आँग लाइंग बँकॉकमध्ये बिमस्टेक परिषदेत राष्ट्रप्रमुखांच्या रांगेत बसलेला जगाने पाहिला. भारताचे पंतप्रधान त्याला भेटले. बांगलादेशच्या तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख भेटले. यजमान थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधानही भेटल्या. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने ज्याच्यावर निर्बंध लादले, आसियानने ऑक्टोबर २०२१ पासून आपल्या शिखर परिषदेचे दार ज्याला बंद केले, तोच माणूस शेजारच्या दुसऱ्या दाराने सन्मानाने आत आला. त्या दिवसांतही त्याची विमाने आपल्याच देशातील गावांवर बॉम्ब टाकत होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने तशी नोंद केली आहे.

जगाने वाळीत टाकलेली राजवट इतकी वर्षे टिकते कशी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. बहिष्कार म्हणजे काय, हे आंबेडकरी जनतेला कुणी शिकवण्याची गरज नाही. गावाने आमच्या माणसांवर बहिष्कार घातला तेव्हा वाण्याचे दुकान बंद झाले, पिठाची गिरणी बंद झाली, मजुरी बंद झाली, पाणवठा तर बंद होताच. एकही दार उघडे राहिले नाही, म्हणून त्या बहिष्काराने माणसे मोडली. पण गावातल्या जमीनदारावर असा बहिष्कार कधी पडल्याचे कुणी ऐकले आहे काय? चारचौघांत त्याला कुणी नावे ठेवील, पण अंधार पडला की जो तो त्याच्या वाड्याच्या मागच्या दाराने जाणार. कुणाला कर्ज हवे, कुणाला पाणी हवे, कुणाला बांधाचा तंटा मिटवून हवा. म्यानमारच्या लष्करशाहीची परराष्ट्रनीती या मागच्या दारावर उभी आहे.

थोडा इतिहास पाहू. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन याने सत्ता बळकावली आणि देशाची दारे जगाला लावून घेतली. १९८८ साली विद्यार्थी, कामगार, भिक्खू रस्त्यावर आले. लष्कराने हजारोंना ठार केले आणि १८ सप्टेंबर १९८८ रोजी नव्या लष्करी मंडळाने कारभार हाती घेतला. मे १९९० मध्ये निवडणूक झाली. आँग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने तो निकाल मानलाच नाही. पाश्चात्य देशांनी मदत थांबवली, मे १९९७ मध्ये अमेरिकेने नव्या गुंतवणुकीवर बंदी घातली. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९९७ मध्ये, आसियानने म्यानमारला सभासद करून घेतले! या धोरणाला त्यांनी ‘विधायक संपर्क’ असे गोंडस नाव दिले होते. संपर्क ठेवला तर राजवट सुधारेल, असा त्यांचा दावा. प्रत्यक्षात राजवटीला बसायला एक खुर्ची मिळाली आणि त्या खुर्चीमागे लपायला आसियानचा ‘अंतर्गत बाबीत हस्तक्षेप नाही’ हा नियम मिळाला.

या राजवटीने शेजाऱ्यांशी मैत्री केली असे म्हणणे चूक ठरेल. तिने प्रत्येकाची गरज हेरली आणि प्रत्येकाशी निराळा सौदा केला. थायलंडला वीज निर्माण करायला वायू हवा होता. अंदमान समुद्रातील यादाना क्षेत्राचा वायू नळाने थायलंडला जाऊ लागला आणि डॉलर लष्कराच्या तिजोरीत पडू लागले. तो नळ टाकताना लष्कराने गावकऱ्यांना वेठीला धरले. त्या गावकऱ्यांनी अमेरिकन कंपनी युनोकॉलवर अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा २००५ साली कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. वेठबिगारी या देशात इतकी माजली होती की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००० साली आपल्या घटनेतील सर्वांत कडक कलम इतिहासात प्रथमच वापरले, ते याच राजवटीविरुद्ध. महारवतनाची वेठ ज्यांच्या आजा-पणजांनी सोसली, त्यांना या एका गोष्टीवरून त्या राजवटीची जात ओळखता यावी.

चीनला हिंदी महासागरापर्यंत वाट हवी होती. १२ जानेवारी २००७ रोजी सुरक्षा परिषदेत म्यानमारविरुद्धचा ठराव आला तेव्हा चीन आणि रशिया यांनी नकाराधिकार वापरून तो पाडला. त्याच सुमारास अराकान किनाऱ्यावरील श्वे क्षेत्राचा वायू चीनला देण्याचे ठरले. वास्तविक त्या क्षेत्रात भारताच्या ओएनजीसी विदेश आणि गेल या सरकारी कंपन्या भागीदार होत्या आणि तो वायू भारतालाही हवा होता. भागीदारी भारताची, वायू चीनला! २०१३ पासून तो नळाने युनान प्रांतात जात आहे. नकाराधिकाराची किंमत किती असते, हे यावरून समजावे.

आता भारताकडे वळू. १९८८ साली भारत सरकार लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उभे होते. सू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर झाला. पण १९९३ पासून दिल्लीचे वारे फिरले. ईशान्येतील बंडखोरांना पलीकडे आश्रय मिळू नये, चीनचा पाय तेथे रोवला जाऊ नये, ‘पूर्वेकडे पहा’ धोरणाला रस्ता मिळावा, अशी तीन कारणे पुढे आली. लष्करशहांनी ती तिन्ही ओळखली आणि तिन्हींवर थोडेथोडे दिले. ऑक्टोबर २००४ मध्ये जनरल थान श्वे याचे दिल्लीत स्वागत झाले. २००८ साली कलादान नदीमार्गाचा करार झाला. सप्टेंबर २००७ मध्ये तर कहरच झाला. हजारो भिक्खू रंगूनच्या रस्त्यावर अनवाणी चालत होते आणि नेमक्या त्याच दिवसांत भारताचे पेट्रोलियममंत्री, आपल्या मुंबईचे मुरली देवरा, म्यानमारच्या राजधानीत तीन समुद्री क्षेत्रांत तेल-वायू शोधण्याच्या करारांसाठी गेले होते. करार झाले. चार दिवसांत विहारांवर धाडी पडल्या, भिक्खूंना ट्रकमध्ये कोंबून नेण्यात आले, किमान ३१ माणसे मारली गेली. बुद्धाच्या देशाचा मंत्री भिक्खूंच्या मारेकऱ्यांशी हस्तांदोलन करून परतला, याची लाज कुणाला वाटली?

या राजवटीचे दुसरे हत्यार आहे वेळकाढूपणा. दडपण आले की होकार द्यायचा, कागद काढायचा, तारीख मात्र द्यायची नाही. मे २००३ मध्ये डेपायिन येथे सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, जगभर ओरड झाली. लगेच ऑगस्टमध्ये पंतप्रधान खिन न्युंत याने ‘लोकशाहीचा सात टप्प्यांचा मार्ग’ जाहीर केला. शेजाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्याच वर्षी खिन न्युंतच नजरकैदेत गेला. २००६ साली आसियानचे अध्यक्षपद म्यानमारकडे येणार होते. पाश्चात्य देश परिषदेवर बहिष्कार टाकतील या भीतीने सभासद अस्वस्थ झाले, तेव्हा जुलै २००५ मध्ये राजवटीने स्वतःच ते पद सोडले आणि वर उपकार केल्याचा आव आणला. नोव्हेंबर २००७ मध्ये सिंगापूरच्या शिखर परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे दूत गंबारी माहिती देणार होते. म्यानमारच्या पंतप्रधानाने आक्षेप घेतला आणि दहा देशांनी मान तुकवून ती बैठक रद्द केली. मानवी हक्कांची भाषा असलेली आसियानची सनद त्याच परिषदेत सह्या होऊन बाहेर पडली.

मे २००८ मध्ये नर्गिस वादळाने इरावतीच्या खोऱ्यात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली वा बेपत्ता झाली. परदेशी मदतीची जहाजे किनाऱ्याबाहेर उभी राहिली. राजवट मात्र वादळानंतर सुमारे आठवड्याने, १० मे रोजी, नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात गर्क होती. संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखून ठेवणारी ती घटना. शेवटी आसियानला मध्ये घालून मदत आत आली. प्रेते तरंगत असतानासुद्धा मदत कुणाच्या हातून घ्यायची, याचा हिशेब या लोकांनी सोडला नाही.

त्या घटनेच्या आडून २०११ साली काही दारे उघडली. २०१५ साली सू ची यांचा पक्ष जिंकला. पण बंदूक लष्कराच्याच हाती होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि जुनेच नाटक नव्याने सुरू झाले. २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तामध्ये आसियानने पाच कलमांवर सहमती केली. हिंसा थांबवावी, सर्वांशी बोलणी व्हावीत, दूताने सर्वांना भेटावे वगैरे. मिन आँग लाइंग त्या बैठकीत हजर होता. परत जाताच त्याच्या सरकारने सांगितले की, देशात स्थैर्य आले म्हणजे या ‘सूचनांचा’ विचार करू. जून २०२२ मध्ये आसियानचे तेव्हाचे अध्यक्ष, कंबोडियाचे हुन सेन यांनी पत्र लिहून विनवले की चार राजकीय कैद्यांना फाशी देऊ नका. हुन सेन म्हणजे काही लोकशाहीचे पुतळे नव्हेत. बाकीचे दूर राहिले असता तेच या राजवटीला भेटायला गेले होते. तरी जुलैमध्ये ते चौघे फासावर गेले. मित्राची गरज संपली की मित्राचीही पर्वा नाही, हा त्यातला धडा.

या सर्व व्यवहारावर पांघरूण घालणारा शब्द एकच आहे, ‘अहस्तक्षेप’. हा शब्द आला कोठून? १९५४ साली नेहरू आणि चौ एन-लाय यांनी ‘पंचशील’ तत्त्वांचा पुकारा केला. जून १९५४ अखेर रंगूनमध्ये ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनीही चौ एन-लाय यांच्यासह तीच तत्त्वे मान्य केली. परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, हे त्यातले एक तत्त्व. नाव मात्र बुद्धाच्या शिकवणुकीतून उचललेले.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९५४ मध्ये, राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी या पंचशीलाचा बुरखा फाडला होता. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. बुद्धाचे पंचशील हे माणसाच्या आचरणाचे नियम आहेत. प्राणिहिंसा करू नको, चोरी करू नको, खोटे बोलू नको. सत्ताधाऱ्यांच्या पंचशीलाचा अर्थ मात्र असा झाला की, तू तुझ्या घरात हिंसा कर, चोरी कर, आम्ही पाहणार नाही. कोणत्याही राजवटीची परीक्षा तिच्या शेजाऱ्यांशी असलेल्या गोड बोलण्यावरून न करता ती स्वतःच्या माणसांना कशी वागवते यावरून करावी, ही बाबासाहेबांची कसोटी आहे. आज म्यानमारला तीच कसोटी लावली पाहिजे.

आणि म्यानमार आम्हांला परका नाही. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशाचेच. म्हणून या राजवटीचे तिसरे हत्यार आम्ही सर्वांत काळजीपूर्वक तपासले पाहिजे. ते हत्यार आहे बुद्धाचे नाव. १९९४ साली आणि पुन्हा १९९६ च्या अखेरीस चीनकडून बुद्धाचा दंतधातू आणून या जनरलांनी देशभर मिरवला. धर्म न मानणाऱ्या साम्यवादी सरकारने धातू द्यायचा आणि भिक्खूंना तुरुंगात डांबणाऱ्या लष्कराने तो डोक्यावर घ्यायचा, असा तो सोहळा. जुलै २०१० मध्ये थान श्वे भारतात आला तो प्रथम बुद्धगयेला गेला, मग दिल्लीत राजघाटावर जाऊन गांधींच्या समाधीला फुले वाहिली. १ ऑगस्ट २०२३ रोजी मिन आँग लाइंग याने राजधानी नेप्यिडॉमध्ये संगमरवरी बुद्धाच्या प्रचंड मूर्तीची प्रतिष्ठापना केली. देश जळत होता आणि मूर्तीवर पाणी पडत होते.

या लोकांना भिक्खूंनीच उत्तर दिले आहे. भिक्खू एखाद्याचे दान नाकारून आपले भिक्षापात्र उपडे करतो, तेव्हा तो दात्याला पुण्यापासून बहिष्कृत करतो. विनयात याला ‘पत्तनिक्कुज्जन’ म्हणतात. १९९० साली मंडालेच्या भिक्खूंनी लष्करावर हा बहिष्कार घातला. सप्टेंबर २००७ मध्ये पखोक्कू येथे भिक्खूंना मारहाण झाली, राजवटीने माफी मागितली नाही, तेव्हा पुन्हा पात्रे उपडी झाली आणि मेत्त सुत्त म्हणत भिक्खूसंघ रस्त्यावर उतरला. जगाने घातलेल्या निर्बंधांपेक्षा लष्करशहांना हा बहिष्कार अधिक झोंबला. कारण त्याला मागचे दार नव्हते.

चीवर पांघरलेले सगळेच या बाजूचे नाहीत, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. मुसलमानांविरुद्ध विष ओकणाऱ्या विराथूला जानेवारी २०२३ मध्ये याच राजवटीने किताब दिला. २०१७ साली लष्कराने रोहिंग्यांची गावे जाळली, सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. सू ची यांनी डिसेंबर २०१९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन त्याच लष्कराचा बचाव केला. पुढे चौदा महिन्यांत त्याच लष्कराने त्यांना कैद केले. बौद्ध राष्ट्रवादाच्या नावाने मारला गेलेला मुसलमान पाहून ज्याला वेदना होत नाही, त्याने मैत्रीचे नाव घेऊ नये.

आमच्यावर आक्षेप येईल की हे सारे भावनेचे बोलणे झाले. भारताची १,६४३ किलोमीटरची सीमा या देशाला लागून आहे, शेजारी बदलता येत नाही, निर्बंधांनी गरीबच मरतात. यातले काही खरे आहे. सरसकट निर्बंधांचा मार गरिबाच्या चुलीवर बसतो, हे आम्ही नाकारत नाही. पण बंदुकीचा पुरवठा थांबवल्याने कुणाची चूल विझते? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये हिशेब मांडला. सत्ता बळकावल्यापासून लष्कराने सुमारे १ अब्ज डॉलरची शस्त्रे व सामग्री बाहेरून आणली. त्यात रशियाकडून ४० कोटी ६० लाख डॉलर, चीनकडून २६ कोटी ७० लाख, सिंगापूरमधील कंपन्यांकडून २५ कोटी ४० लाख, भारतातून ५ कोटी १० लाख आणि थायलंडमधून २ कोटी ८० लाख. अहवालानंतर सिंगापूरने चौकशी लावली, तेव्हा तेथून जाणारी सामग्री वर्षभरात जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटली. म्हणजे दार बंद करायचे मनात आणले तर ते बंद होते! पण त्याच काळात थायलंडच्या बँकांतून होणारे व्यवहार दुपटीहून अधिक वाढले. एक दार लागले की राजवट शेजारच्या दारात उभी.

शिवाय ज्या स्थैर्यासाठी हा सौदा केला, ते स्थैर्य तरी मिळाले काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये वांशिक सेनांनी एकत्र येऊन उठाव केला आणि चिनी सीमेवरची ठाणी एकामागून एक पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये लाशियो पडले. ते लष्कराला परत मिळवून द्यायला एप्रिल २०२५ मध्ये चीनला स्वतः मध्यस्थी करावी लागली. भारताच्या कलादान मार्गावरील पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीने घेतले. ज्या सरकारशी करार केला त्याच्या हाती रस्ताच उरला नाही. देशांतर्गत विस्थापितांची संख्या तीस लाखांवर गेली.

२१ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने म्यानमारवर पहिला ठराव मंजूर केला. हिंसा थांबवा, राजकीय कैद्यांना सोडा, एवढीच त्याची मागणी. १२ देश बाजूने होते. तीन तटस्थ राहिले, चीन, रशिया आणि भारत. जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवणाऱ्या देशाने आपले मत कुणाच्या रांगेत ठेवले, ते पहा. मार्च २०२३ मध्ये सू ची यांचा पक्षच राजवटीने विसर्जित केला आणि डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ मध्ये टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. प्रतिस्पर्धी तुरुंगात, मतपेटी लष्कराच्या पहाऱ्यात आणि विजय लष्कराच्याच पक्षाचा. २००८ चे सार्वमत ज्यांना आठवते त्यांनी या निकालाला लोकशाही म्हणू नये.

भारताने म्यानमारवर चाल करून जावे, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आम्ही जे मागतो ते साधे आहे. शस्त्रे आणि शस्त्रांचे सुटे भाग देणे बंद करावे. सीमेपलीकडे प्रत्यक्ष कारभार करणाऱ्या वांशिक संघटनांशी आणि लोकशाहीवाद्यांशी उघड बोलणी करावीत. सुरक्षा परिषदेत असो वा महासभेत, तटस्थतेच्या आड लपू नये. आणि जीव वाचवून आलेल्यांना घुसखोर म्हणू नये. मार्च २०२१ मध्ये दिल्लीने सीमा रोखण्याचे फर्मान काढले तेव्हा मिझोरामच्या लोकांनी ते बाजूला सारून तीस हजारांहून अधिक निर्वासितांना आपल्या घरांत, शाळांत, चर्चमध्ये जागा दिली. धातूंची मिरवणूक न काढता त्या ख्रिस्ती मिझोंनी जे केले, त्याला आम्ही करुणा म्हणतो.

आंबेडकरी चळवळीने एवढे तरी करावे. म्यानमारच्या राजवटीचा कुणी प्रतिनिधी बुद्धगयेत, दीक्षाभूमीवर किंवा आपल्या एखाद्या धम्म परिषदेत मूर्ती आणि दान घेऊन आला, तर त्याच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याच्या तुरुंगात किती भिक्खू आहेत, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर दान परत करावे.